शिंग फुटलेली फुलं : दोष आणि रूप यांच्यातली रेघ

मागच्या वेळी आपण 'स्वाभाविक' या शब्दाबद्दल बोललो होतो आणि शेवटी मी कबूल केलं होतं की पुढच्या वेळी ग्रंथांतून थोडं बाहेर पडू. म्हणून आजचा विषय फुलांचा आहे. एकाच फुलाचा, आणि तेही आपल्या अंगणात न उगवणाऱ्या. दाढीवाला आयरिस. युरोप-अमेरिकेत हे फूल वाढवणाऱ्या हौशी लोकांनी गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत जे केलं, त्यात तत्त्वज्ञानातला एक जुना आणि अवघड प्रश्न उघड्यावर पडलेला दिसतो : एखादी गोष्ट नेहमीसारखी नसेल, तर तिला दोष म्हणायचं की रूप? आणि हे कुणी ठरवायचं?

आधी फूल नीट डोळ्यांसमोर आणूया, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल.

आयरिसच्या फुलात सगळं तीन-तीन असतं. बाहेरच्या तीन पाकळ्या खाली झुकतात. त्यांना तिकडे 'फॉल' म्हणतात. आतल्या तीन वर उभ्या राहून घुमटासारख्या एकमेकींकडे वळतात, त्या 'स्टँडर्ड'. प्रत्येक झुकलेल्या पाकळीच्या मध्यावर, घशातून बाहेर येणारा दाट केसांचा एक पट्टा असतो. सुरवंटासारखा. हीच ती दाढी. आणि प्रत्येक झुकलेल्या पाकळीवर छपरासारखी एक तिसरी पट्टी असते. ती पाकळी वाटते, पण असते कुक्षीवृंत, म्हणजे स्त्री-अवयवाचा भाग. तिच्या खाली लपलेला एक पुंकेसर.

ही रचना कशासाठी आहे बघा. मोठी भुंग्यासारखी मधमाशी झुकलेल्या पाकळीवर उतरते आणि दाढीच्या वाटेनं त्या छपराखाली शिरते. छपराच्या कडेला खालच्या बाजूनं एक बारीक ओठ असतो, तीच खरी कुक्षी. माशी आत जाताना तिच्या पाठीवरचे दुसऱ्या फुलाचे पराग तो ओठ खरवडून घेतो. आत तिला नवे पराग लागतात. बाहेर येताना तोच ओठ उलटा दाबला जाऊन मिटतो, म्हणून स्वतःचे पराग स्वतःला लागत नाहीत. एखाद्या सुताराला अभिमान वाटावा असं काम आहे हे.

आता या फुलात माणूस शिरतो. मे महिन्यात, सकाळी लवकर, उमललेल्या फुलातून चिमट्यानं एक पुंकेसर काढायचा, दुसऱ्या जातीच्या फुलाच्या त्या ओठावर घासायचा, आणि देठाला चिठ्ठी बांधायची : आई अमुक, बाप तमुक. झालं. याहून जास्त साहित्य लागत नाही. म्हणूनच हा नाद शिक्षकांना, वकिलांना, डॉक्टरांना लागला. सुरुवात करणाऱ्यांत सर मायकेल फॉस्टर हे केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. आयरिस ही त्यांची सुट्टीतली हौस. त्यांनी आशिया मायनरकडून मोठ्या फुलांच्या रानटी जाती मागवून युरोपातल्या जुन्या बागायती जातींशी संकर केला. त्यांच्या वाणांत एकाचं नाव 'कश्मीर व्हाइट' आहे, कारण त्याच्या वंशात काश्मीरचा पांढरा आयरिस आहे. काश्मीरमध्ये हा आयरिस कबरींवर लावतात. म्हणजे श्रीनगरच्या कबरस्तानातलं फूल आज कॅलिफोर्नियातल्या बागांमध्ये नातवंडा-पतवंडांच्या रूपानं फुलतं आहे. असो.

चिठ्ठी बांधल्यावर साधारण दोन महिन्यांनी शेंग पिकते. पावट्याच्या दाण्याएवढ्या बिया निघतात. त्या शरद ऋतूत पेरायच्या. हिवाळ्याची थंडी आणि ओल लागल्याशिवाय त्या रुजत नाहीत. वसंतात कोंब, आणि पहिलं फूल त्याच्या पुढच्या वर्षी किंवा त्याच्याही पुढच्या. मग निवड. शंभर रोपांतली नव्वदच्या वर खताच्या ढिगावर जातात. उरलेल्यांवर आणखी तीन-चार वर्षं लक्ष ठेवायचं. पसंत पडलं तर आल्यासारखा आडवा वाढणारा कंद तोडून-तोडून त्याची रोपं वाढवायची, आणि अमेरिकन आयरिस सोसायटीकडे नाव नोंदवायचं. ही संस्था १९२० साली स्थापन झाली. चिमट्यापासून नावापर्यंत सात-आठ वर्षं सहज जातात. माझ्या वयाच्या माणसानं हा नाद सुरू करायचा म्हणजे आशावाद लागतो. तरी माझ्या वयाची माणसंच तो जास्त करतात.

आता शिंगांकडे येऊ.

कधीकधी एखाद्या रोपाच्या फुलात दाढी जिथे संपायला हवी तिथे संपत नाही. ती पाकळीपासून सुटी होऊन हवेत वर उठते आणि टोकदार होते, शिंगासारखी. कधी त्या टोकाला छोटं पातं फुटतं, चमचा होतो. कधी ते पातं रुंद होऊन चुण्यांची झालर बनते. तिघांनाही तिकडे असेच साधे शब्द आहेत : शिंग, चमचा, झालर. ही फुलं पूर्वीही येत असणारच. येत होती, आणि ढिगावर जात होती. नीट आयरिस कसा असावा हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि हे तसे नव्हते, एवढं कारण पुरेसं होतं.

कॅलिफोर्नियात प्लेसरव्हिल गावी लॉइड ऑस्टिन नावाचे गृहस्थ होते. आधी पाइन वृक्षांच्या पैदाशीचं काम केलेले, नंतर स्वतःची आयरिसची बाग काढलेली. शिंगांचा उगम सिडनी मिचेल यांच्या ठिपकेदार कडांच्या वाणांत शोधला जातो. हे मिचेल बर्कलीत ग्रंथपालनशास्त्राचे प्राध्यापक आणि हौशी संकरक. म्हणजे पुन्हा मास्तरच. ऑस्टिननी काय केलं? त्यांनी ती विचित्र रोपं फेकली नाहीत. एकमेकांशी जुळवली. १९५४ मध्ये 'युनिकॉर्न' नावाचं वाण बाहेर आलं, मग चमचेवाले, झालरवाले. तेव्हा अवकाशयुगाची हवा होती. या फुलांना 'स्पेस एज' आयरिस हे नाव पडलं ते आजही चालू आहे.

स्वागत कसं झालं असेल? जाणकारांनी नाकं मुरडली. बरीच वर्षं ही फुलं म्हणजे गंमत, जत्रेतला प्रकार. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर सुरुवातीच्या फुलांत दम नव्हताच : पाकळ्या अरुंद, रंग मळके, खोडाला फांद्या कमी. मग त्याच राज्यातले माँटी बायर्स यांनी शिंगवाल्या फुलांचा उत्तम बांध्याच्या आधुनिक वाणांशी पद्धतशीर संकर केला. त्यांच्या 'थॉर्नबर्ड'ला १९९७ चं डाइक्स पदक मिळालं, 'कॉन्ज्युरेशन'ला १९९८ चं, 'मेस्मरायझर'ला २००२ चं. अमेरिकेतला आयरिससाठीचा हा सर्वोच्च मान, वर्षाला एकाच वाणाला मिळणारा. तिन्ही पदकांच्या वेळी बायर्स हयात नव्हते.

साधारण चाळीस वर्षांत खताचा ढीग ते सर्वोच्च पदक. फूल तेच, शिंग तेच. मग बदललं काय? 'लोकांची आवड' असं उत्तर चटकन सुचतं. ते मला अपुरं वाटतं, आणि का ते सांगायला जरा वेळ घेतो.

ॲरिस्टॉटलनं प्राण्यांच्या जननाविषयीच्या ग्रंथात विकृत जन्मांचा विचार केला आहे. त्याचं म्हणणं साधारण असं, की विकृती निसर्गाच्या विरुद्ध असते, पण सगळ्या निसर्गाच्या नव्हे; 'बहुतेक वेळा जसं घडतं' त्या निसर्गाच्या विरुद्ध. हे फार शहाणं वाक्य आहे. पण ॲरिस्टॉटल तिथे थांबत नाही. अपत्य आईबापांसारखं नसणं हीच विकृतीची पहिली पायरी, आणि मुलगा न होता मुलगी होणं हे त्या वाटेवरचं पहिलं पाऊल, असंही तो म्हणून जातो. 'बहुतेक' या शब्दावरून 'असायला हवं' या शब्दावर उडी मारली की भलेभले कुठे जाऊन पडतात, याचा हा नमुना.

१७९० हे वर्ष लक्षात ठेवा. त्या एकाच वर्षी जर्मन भाषेत दोन पुस्तकं आली. कान्टची 'निर्णयशक्तीची चिकित्सा' आणि गटेचं वनस्पतींच्या रूपांतराविषयीचं छोटं पुस्तक. कान्ट म्हणतो, फुलं हे मुक्त सौंदर्य आहे. फूल काय 'असायला हवं' हे वनस्पतिशास्त्रज्ञाशिवाय फारसं कुणाला माहीत नसतं. आणि त्यालाही फूल म्हणजे प्रजननाचं इंद्रिय हे माहीत असूनही, सुंदर म्हणताना तो ते हेतूचं ज्ञान बाजूला ठेवतो. कान्टच्या हिशेबानं शिंगवाल्या फुलावर 'आयरिस असा नसतो' हा आक्षेप सौंदर्याचा आक्षेपच नाही. तो नियमावलीचा आक्षेप आहे.

गटे दुसऱ्या बाजूनं येतो. त्याला विकृत फुलांची गोडी होती. फुलाच्या मधून पुन्हा दांडा फुटलेला गुलाब तो तपशीलानं वर्णन करतो. त्याची कल्पना ही, की पान, निदल, पाकळी, पुंकेसर ही एकाच मूळ अवयवाची वेगवेगळी रूपं आहेत, आणि हे आपल्याला कळतं ते जिथे निसर्ग चुकतो, मागे वळतो, तिथे. सुरळीत फुलातून हे कळत नाही.

आयरिसच्या हौशी लोकांकडे याचा एक अप्रतिम दाखला आहे. त्याला ते 'फ्लॅटी' म्हणतात, म्हणजे चपटं फूल. यात वर उभ्या राहणाऱ्या आतल्या तीन पाकळ्या उभ्या राहतच नाहीत. त्याही बाहेरच्यांसारख्या खाली झुकतात आणि त्यांच्यावरसुद्धा दाढी येते. सहाच्या सहा झुकलेल्या, फूल ताटलीसारखं सपाट. आतल्या कड्याला जणू बाहेरच्या कड्याची ओळख मिळाली. अवयव जागच्या जागी राहून त्याची ओळख बदलते, या प्रकाराची जनुकीय चौकट १९९१ मध्ये कोएन आणि मायरोविट्झ यांनी दुसऱ्या दोन वनस्पतींवरून मांडली. गटेला ती फार आवडली असती.

तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशी. पण आपल्याकडचा डबल मोगरा घ्या. डबल जास्वंद घ्या. जास्वंदीच्या डबल फुलात ज्या जादा पाकळ्या दिसतात त्या बऱ्याचशा पुंकेसरांच्या झालेल्या असतात. शास्त्राच्या भाषेत ही विकृतीच. पण बाजारात मोगऱ्याचा गजरा घेताना कुणी म्हणत नाही की बाई, ही विकृत फुलं नकोत. उलट आपली परंपरा कधीकधी अपवादाला डोक्यावर घेते : दक्षिणावर्ती शंख, पाच दलांचा बेल. म्हणजे 'लोक वेगळ्याला नाकारतात' हाही नियम नाही. कुठला अपवाद देव्हाऱ्यात आणि कुठला ढिगावर, हाच तर प्रश्न आहे.

आता गणिताचा एक तुकडा. घाबरू नका, चिठ्ठ्यांचा खेळ आहे. बागेतल्या बहुतेक उंच आयरिसमध्ये गुणसूत्रांचे चार संच असतात, आपल्यासारखे दोन नव्हेत. त्यामुळे एखाद्या गुणाच्या चार चिठ्ठ्या असतात. पाकळीच्या कडेवरच्या ठिपक्यांची नक्षी दिसायला चारही चिठ्ठ्या 'ठिपक्यांच्या' लागतात, एक जरी साधी असली तर नक्षी झाकली जाते. आता नक्षीदार आणि पूर्ण साधं यांचा संकर केला. प्रत्येक अपत्याकडे दोन चिठ्ठ्या या, दोन त्या. नक्षी एकातही दिसणार नाही. अशा दोन भावंडांचा संकर केला, तर प्रत्येकाकडून चारातल्या दोन चिठ्ठ्या उचलायच्या. जोड्या सहा होतात, त्यांतली एकच दोन्ही ठिपक्यांची. म्हणजे एक षष्ठांश. दोन्हीकडून तसंच व्हायला हवं, म्हणून छत्तीसात एक. दोन संचांच्या वनस्पतीत हेच प्रमाण चारात एक असतं.

एका शेंगेत तीस-चाळीस बिया निघाल्या तर नशिबानं एखादंच रोप. आणि त्याच्या आधीची अख्खी पिढी, दोन-तीन वर्षांची मेहनत, पूर्ण साध्या फुलांची. शिंगांचं गणित इतकं स्वच्छ नाही. एकाच शेंगेतून काही शिंगं असलेली, काही नुसते कोंब असलेली, काही अगदी साधी रोपं निघतात. पण धडा तोच. ज्यानं विचित्र रूप हवं म्हणून साधी भावंडं फेकली, त्यानं ते रूपच फेकलं. आणि ज्यानं विचित्र रोप ढिगावर टाकून बाग 'शुद्ध' केली, त्याच्या साध्या दिसणाऱ्या फुलांत ते बसलेलंच आहे. 'नॉर्मल' हा गट आणि 'विचित्र' हा गट अशी दोन कुंपणं तिथे नाहीतच.

मग काहीही चालतं का? नाही. आणि इथे हौशी लोकांनी मला शिकवलं.

ही माणसं विचित्र फुलांच्या बाबतीत भयंकर कडक असतात. शिंग तिन्ही पाकळ्यांवर हवं. पहिल्या फुलात आहे आणि तिसऱ्यात नाही, हे चालणार नाही. थंड वसंतात आहे आणि उष्ण वसंतात गायब, हेही नाही. पाकळ्यांच्या कडेला जाळीसारखी लेस येणारी फुलं १९४० च्या दशकात पुढे आली, तेव्हा त्यांचा खरा त्रास असा होता की गार सकाळी त्या कडा एकमेकींत अडकून कळी उमलतच नसे. लोक बोटांनी ती सोडवत. हा दोष खरा. ते फूल इतरांसारखं नव्हतं म्हणून नव्हे, तर स्वतःचंच रूप त्याला हवामान बदललं की सांभाळता येत नव्हतं म्हणून.

जॉर्ज कांगिलेम या फ्रेंच विचारवंतानं १९४३ च्या आपल्या वैद्यकातल्या प्रबंधात हाच भेद केला. तो दाखवतो की 'ॲनॉमली' हा शब्द 'नोमोस', म्हणजे नियम, यावरून आलेला नाही. ग्रीक 'होमालोस', सपाट, त्याला नकार लागून तो आला. ॲनॉमली म्हणजे नुसता खडबडीतपणा. खडबडीत असणं हा नियमभंग नव्हे. रोग कशाला म्हणायचं? ज्या जीवाला एकाच परिस्थितीत जगता येतं, परिस्थिती बदलली की नवा नियम घालून घेता येत नाही, त्याच्या अवस्थेला. निरोगी असणं म्हणजे नियम पाळणं नव्हे, नियम घडवता येणं.

हे फुलाला तंतोतंत लागू आहे असं म्हणायचा मोह होतो. पण एक अडचण मी लपवणार नाही. कांगिलेमचा जीव स्वतः नियम घडवतो. बागेतला शिंगवाला आयरिस घडवत नाही. त्याचा नियम घडवणारा माणूस आहे. चपट्या फुलात तर ते छपराखालचं सुतारकाम अर्धंअधिक बिघडलेलं असतं, आणि तरी त्याचा वंश चालतो, कारण मधमाशीची जागा चिमट्यानं घेतली आहे. म्हणजे 'कुणाच्या दृष्टीनं दोष' हा प्रश्न फुलापुरता तरी सुटत नाही. माशीला विचाराल तर ती वेगळं सांगेल.

आणि हेही बोलून टाकतो, कारण असे विषय निघाले की कुणीतरी ते माणसांवर नेतंच. फुलाची निवड करणाऱ्याला ढिगाचा अधिकार आहे. माणसांच्या बाबतीत तो अधिकार कुणालाच नाही, आणि विसाव्या शतकात ज्यांनी तो घेतला त्यांनी भाषा नेमकी पैदाशीची आणि शुद्धतेची वापरली होती.

मघाशी एका बाईंनी चिठ्ठी पाठवली आहे : पुण्यात हे आयरिस लागतील का? खरं सांगू, नाद करू नका. त्याला कडक हिवाळा लागतो, आणि फुलून गेल्यावर कंदावर कोरडं ऊन. आपल्या जून-जुलैत तो कुजून जाईल. काश्मीर, हिमाचलमध्ये ठीक. पण गटेचं म्हणणं पडताळायला आयरिस लागत नाही. फुलवाल्याकडून एक डबल जास्वंद आणा. मधल्या गर्दीतली एकेक पाकळी सुटी करा आणि खिडकीच्या उजेडात धरा. एखाद्या पाकळीच्या कडेला पिवळे ठिपके चिकटलेले दिसतील, बोटाला लागतील. ते पराग आहेत. ती पाकळी अजून अर्धी पुंकेसर आहे.